बोटभर टेप

“हा एकतर चोर आहे, नाहीतर मशीन आहे,” अनिकेत म्हणाला. “माणूस तर नक्कीच नाही.”

शुक्रवारची दुपार होती. अनिकेत पुण्यात ऑफिसात, मी जालन्यात माझ्या घरी, मागे कुकरच्या शिट्ट्या. दोघांसमोर एकच लॉग उघडलेला. लॉग म्हणजे ग्राहकाच्या फोनमधल्या ॲपने ठेवलेली नोंद. कोणतं गाणं लावलं, कुठे थांबवलं, काय डाउनलोड केलं, सगळं त्यात येतं. अनिकेत माझा बॉस. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, हुशार, आणि लॉगवर त्याची एवढी श्रद्धा की स्वतः जेवला की नाही हेसुद्धा तो लॉग बघूनच सांगेल.

मराठी गाण्यांच्या एका ॲपच्या सपोर्टमध्ये मी काम करते. पूर्वी पुण्यात होते, घरूनच काम करायचे दिवस आले तेव्हा जालन्याला परत आले आणि मग इथेच राहिले. लोकांना वाटतं मी काहीतरी फार टेक्निकल करत असेन. गाणं वाजत नाही अशी तक्रार आली की मी ठरलेले प्रश्न विचारते. आवाज वाढवलाय का? डेटा सुरू आहे का? फोनमध्ये जागा आहे का? बहुतेकांच्या फोनमध्ये जागा नसते, भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ असतात. ते काढा म्हटलं की माणसं दुखावतात आणि गाण्यांवाचून राहायला तयार होतात.

हे तिकीट मात्र तसलं नव्हतं. तक्रारीला आमच्याकडे तिकीट म्हणतात. ग्राहकाचं म्हणणं साधं होतं: डाउनलोड केलेली गाणी उडून जातात, आणि आता तर सगळंच बंद पडलंय. बंद पडलं नव्हतं, आमच्याच सिस्टिमने बंद केलं होतं. त्याच्या अकाउंटवर लाल फ्लॅग लागला होता.

फ्लॅग का लागतो तेही सांगते. गाणं जितकं ऐकलं जातं तितके गाण्याच्या मालकाला पैसे मिळतात. त्यामुळे काही हुशार मंडळी खोलीभर फोन मांडून एकच गाणं अहोरात्र वाजवत ठेवतात. ऐकणारं कुणी नसतं. असले खोटे श्रोते पकडायला आमची एक सिस्टिम आहे, आणि या माणसाने तिला हव्या त्या सगळ्या खुणा ताटात वाढून दिल्या होत्या. तो एकच अल्बम ऐकायचा, भीमगीतांची एक जुनी कॅसेट, ‘सुखदेव आणि पार्टी’. आठ गाण्यांतलं बहुतेक वेळा एकच गाणं. आणि त्या गाण्यातसुद्धा तिसऱ्या मिनिटाच्या आसपासची एकच जागा. गाणं तिथे पोचलं की तो मागे न्यायचा, पुन्हा ती जागा, पुन्हा मागे. दिवसभर त्याच्याकडून काहीच नोंद यायची नाही आणि संध्याकाळी सगळा गठ्ठा एकदम पडायचा. वर तोच अल्बम तो पुन्हा पुन्हा डाउनलोड करत होता. डाउनलोड एकदा केलं की पुरतं. एवढ्या वेळा कुणी का करेल?

“मेमरी कार्ड भरून विकणारा दुकानदार असणार,” अनिकेत म्हणाला. “नाहीतर अल्बमवाल्यानेच बसवलेला माणूस. सोमवारी रिव्ह्यू आहे. अकाउंट कायमचं बंद, आणि अल्बमही काढायचा.”

“अल्बम कशाला?”

“नियम आहे, मॅम. खोटे श्रोते ज्याला मिळतात तो अल्बम जातो. मालकाने अपील करावं.”

मी मालक शोधला. मालक म्हणजे एक लहानशी कॅसेट कंपनी, केव्हाच बंद पडलेली. तिचा सगळा जुना माल कुण्या एजंटाने घाऊक उचलून आमच्या ॲपवर चढवला होता आणि नंतर तोही फोन उचलेनासा झाला होता. म्हणजे अपील करणारं कुणी नाही. ही आठ गाणी आणखी कुठे आहेत का पाहिलं. कुठेच नव्हती. आम्ही काढली की संपलं.

मग हेल्पलाइनवरचा त्याचा कॉल ऐकला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. “ताई, मी केदारखेड्याहून बोलून राह्यलो. गाणी बंद पडली. फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं. मी काय केलं न्हाई, ताई. काय चुकलं आसंल तर सांगा.” आमच्या मुलीने ठरलेलं उत्तर दिलं, सात दिवसांत संपर्क करू. तो “बरं, बरं” म्हणाला, पण फोन ठेवेना. शेवटी तिनेच ठेवला.

केदारखेडा म्हणजे भोकरदन तालुका. माझं माहेर भोकरदन.

भोकरदनला बसस्टँडसमोर बाबांचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. पत्र्याचं दुकान, आत दोन टेपडेक, भिंतीभर कॅसेटी. गिऱ्हाईक हवी ती गाणी सांगून जायचं आणि बाबा ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचे. भजनं, कव्वाल्या, भीमगीतं, सिनेमाची गाणी, जे मागाल ते. जयंतीच्या आधीच्या आठवड्यात तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शाळेतून आले की मी तिथेच गल्ल्यामागे बसून अभ्यास करायची. स्पिरिटचा आणि तापलेल्या टेपडेकचा मिळून एक वास असायचा. तो वास मला अजून कुठेच पुन्हा मिळालेला नाही, आणि कधी कधी फार आठवतो.

खराब झालेल्या कॅसेटी दुरुस्तीला यायच्या. टेप गुंतलेली, चुरगळलेली, तुटलेली. बाबा ती उजेडासमोर धरून बघायचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा पुढे-मागे केलं की टेप तिथेच झिजते आणि तिथेच तुटते. “बघ,” ते मला म्हणायचे, “याचं मन इथं अडकलंय.” मग ब्लेडने खराब तुकडा कापून दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायचे. कापण्याआधी गिऱ्हाइकाला बोट दाखवायचे, एवढं जाईल, चालेल का. गिऱ्हाईक नेहमी चालेल म्हणायचं. दुसरं काय म्हणणार?

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, मग शेवटची काही वर्षं बाबांनी कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डं भरून दिली. ते कार्ड लोक मोबाइलमध्ये घालत, नाहीतर सरळ स्पीकरच्या डब्ब्यात. मी ॲपच्या नोकरीला लागले तेव्हा बाबांना समजावून सांगितलं की आता गाणी फोनवर अशीच ऐकू येतात, दुकानात जायला नको. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “लोक पैसे देतात, मग घरी नेतात काय?” मला तेव्हा हसू आलं होतं. आता बाबा नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलचं शोरूम आहे.

तर शुक्रवारी लॉगमधली ती एकच जागा बघताना माझ्या डोळ्यांसमोर बाबांची उजेडात धरलेली टेप आली. मी अनिकेतला म्हटलं, “मशीन एकाच जागी मागे जात नाही. मशीनला आवडनिवड नसते.”

“मॅम, हे रिव्ह्यूत लिहू? आवडनिवड?”

“पुरावा आणते.”

“कुठून?”

“केदारखेड्याहून. रविवारी सुट्टी आहे, माहेरी जाऊन येते.”

तो हसला. माझं माहेर आता रस्त्यापुरतंच उरलंय हे त्याला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी भोकरदनच्या बसने निघाले. राजूर गेलं की दोन्ही बाजूंना कापूस लागतो. वेचणीचे दिवस होते, शेतांतून बायका ओळीने वाकलेल्या. लहानपणी याच रस्त्याने बाबांबरोबर जालन्याला कोऱ्या कॅसेटी आणायला यायचे. येताना मांडीवर खोकं आणि खोक्यावर माझं डोकं. केदारखेड्याला उतरून तिकिटावरचं नाव, उत्तमराव, विचारलं, तर पारावरचा एकजण म्हणाला, “ढोलकीवाले का?” आणि घरापर्यंत सोडायला आला.

उत्तमराव बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतात. शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. दोन एकर शेती. घरात त्यांची सून प्रतिभा, अंगणवाडीत काम करणारी; मुलगा कामाला संभाजीनगरला. मी येणार हे फोनवर सांगितलं होतं, तरी म्हातारा पांढराशुभ्र सदरा घालून, हात जोडून उभा, जसा काही कोर्टाचा बेलिफ येणार होता.

“जय भीम, ताई. बसा. मी चोरी केली न्हाई.”

“जय भीम, मामा. कुणी म्हटलं चोरी केली म्हणून?”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. फोनवर आलेला इंग्रजी मेसेज तिने वाचून दाखवला होता: तुमच्या अकाउंटवर संशयास्पद हालचाली आढळल्या आहेत. प्रतिभा म्हणाली, “दोन दिवस झाले, बाबा जेवले न्हाईत नीट. शेतातबी गेले न्हाईत. म्हणतात, सरकारी नोकरी केली, कधी मेमो न्हाई मिळाला, आन् आता हे.”

मला आमच्या मेसेजची लाज वाटली. तो मेसेज लिहिणाऱ्या मुलाला मी ओळखते. चांगला मुलगा आहे, पण संशय हा शब्द दोन एकरवाल्या निवृत्त शिपायाच्या घरात कसा जाऊन पडतो हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

चहा आला. आणि गावात बाईमाणसाला पहिला विचारतात तो प्रश्नही आला. “माहेर कुठलं, ताई?”

“भोकरदन.”

“भोकरदनात कुणाच्या?”

“बसस्टँडसमोर रेकॉर्डिंग सेंटर होतं ना, त्यांची मुलगी.”

उत्तमरावांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “आस्सं,” म्हणाले. “चांगला माणूस व्हता.” आणि कप परत उचलला. मला वाटलं बाबांना ओळखत असतील, तालुक्यात कोण ओळखत नव्हतं. मी कामाला लागले.

फोन साधा होता. सेटिंग उघडली. डाउनलोड कुठे साठवायचं, फोनमध्ये की मेमरी कार्डात, असा एक पर्याय असतो. इथे कार्ड निवडलेलं होतं. मला शंका आली. “मामा, कार्ड काढता का कधी?”

“रोज काढतो की.”

“दाखवा बरं कसं.”

त्यांनी फोन उलटा केला, अंगठ्याच्या नखाने झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि शेजारच्या कोनाड्यातल्या स्पीकरच्या डब्ब्यात सारलं. सगळं एका दमात. इतकी वर्षं हेच केलेलं. कार्ड भरून आणायचं, डब्ब्यात घालायचं, शेताच्या बांधावर ठेवायचं, की वेचणीच्या बायकांना दिवसभर गाणी. डब्ब्याचा निळा दिवा लुकलुकला. आवाज काही आला नाही.

“बघा,” ते म्हणाले. “न्हाई वाजत. मंग कार्ड परत मोबाइलात टाकतो, तर तिथूनबी उडालेली. मंग परत डाउनलोड. रोजचंच झालंय.”

अर्धं कोडं तिथेच सुटलं. ॲपमधून डाउनलोड केलेलं गाणं फोनमध्ये असतं खरं, पण कुलूप लावलेलं असतं. किल्ली फक्त आमच्या ॲपकडे. डब्ब्याला ते गाणं दिसतच नाही. आणि ॲप सुरू असताना कार्ड काढून घेतलं की ॲप समजतं, सामान गेलं, आणि यादी कोरी करतं. शेतात नेटवर्क नाही, म्हणून गाणं सोबत न्यायला डाउनलोड हवंच. परत डाउनलोड झालं की ते कार्ड फोनमध्येच ठेवून शेतात जात आणि फोन कानाला लावून गाणं ऐकत. ते ऐकल्याची नोंद फोनमध्येच साठून राही आणि संध्याकाळी गावात टॉवर मिळाला की एकदम आमच्याकडे येई. तोच आमचा गठ्ठा. खोलीभर मांडलेले फोन शोधत होतो, निघाला कापसाच्या शेतातला एक.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. कुलूप, किल्ली, नीट समजावून. उत्तमरावांनी बाबांसारखंच शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे डाउनलोड केलं तरी गाणं आपलं न्हाई?”

“नाही, मामा. ऐकायला दिलेलं असतं.”

“मंग पैसे कशाचे घेता?”

एकच प्रश्न दोन म्हाताऱ्यांनी विचारला होता. फरक इतकाच की या वेळी हसू आलं नाही.

डब्ब्याला मागे एक बारकं बटण होतं, त्यावर ब्लूटूथची खूण. कधी कुणी दाबलंच नव्हतं. डब्बा म्हणजे कार्ड, नाहीतर एफएम, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ते दाबून फोन जोडला की कार्ड काढायचं कामच उरत नाही. फक्त आधी अकाउंट उघडायला हवं होतं. मी अनिकेतला फोन लावला. रविवार असल्याने तो कुठेतरी नाश्त्याला बसला होता, मागे वाट्या-चमच्यांचा आवाज. म्हटलं, टेस्टिंगसाठी फ्लॅग तासभर उचल.

“मॅम, रिव्ह्यूच्या आधी?”

“लाइनवरच राहा. तुझ्यासमोर करते सगळं.”

त्याने कुरकुरत उचलला. मी डाउनलोडची जागा बदलून फोनची केली, अल्बम नव्याने उतरवून घेतला, डब्बा जोडला. मग फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं सुरू ठेवलं, म्हणजे नेटवर्क पूर्ण बंद, शेतात असतं तसं. “लावा आता तुमचं गाणं,” म्हटलं.

उत्तमरावांनी लावलं. डब्ब्यातून पेटी निघाली, मग एक भरदार, किंचित फाटलेला आवाज. प्रतिभा दारात येऊन उभी राहिली. म्हातारा बाजेवर बसला होता आणि त्याची बोटं बाजेच्या लाकडावर चालायला लागली होती. ढोलकीचा एक बोल चुकत नव्हता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं मिनिट आलं तशी बोटं थांबली, लाकडावर नुसती टेकून राहिली, क्षणभर, आणि परत सुरू झाली. लगेच त्यांचा अंगठा फोनवर गेला आणि गाणं मागे आलं. मी बोटांकडेच बघत होते; मध्ये कुणी काही बोललं का, ते नीट कळलं नाही.

लॉगमधली जागा हीच होती. माझ्या मांडीवर माझा फोन स्पीकरवर होता, अनिकेत ऐकत होता. मी विचारलं, “मामा, इथं काय आहे?”

त्यांनी गाणं थांबवलं. “काय न्हाई, ताई. उगंच.”

“सांगा ना. याच जागेपायी तुमचं अकाउंट बंद झालंय. उद्या हे गाणंच काढून टाकतील. मला तिथं काहीतरी सांगावं लागेल.”

“गाणंच काढतील?”

“सगळीच्या सगळी आठ.”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा की, बाबा. त्यांना कशाचा राग येतोय?” मला कळेना, मला राग कशाला येईल. उत्तमराव उठून आत गेले आणि एक कॅसेट घेऊन आले. कव्हरावरचा फोटो उडालेला. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी सवयीने करंगळीने चाक फिरवलं. फिरता फिरता एका ठिकाणी चिकटपट्टीचा जोड दिसला. तिरपा कापलेला, टोकाला टोक, सुताचीही फट नाही. हा हात मी कुठेही ओळखला असता. आमच्याकडे असा तिरपा जोड एकच माणूस मारायचा.

“सुखदेवदादा माझा थोरला भाऊ,” उत्तमराव सांगायला लागले. “गाणारा तो, ढोलकी माझी. गावोगाव फिरलो आम्ही, पार धावड्यापर्यंत. कॅसेट एकच निघाली. मंग दादा दम्यानं गेला. मी ढोलकी ठिवून दिली आन् ही कॅसेट लावून बसायचो. ह्या गाण्यात दादा मधीच मला हाक मारतो. रेकॉर्डिंगला मी घाबरून गेल्तो, हात उचलंना, म्हणून त्यानं हाक मारली. कंपनीवाल्यांनी तशीच ठिवली. ती हाक ऐकायला मागं-पुढं करून करून टेप तिथंच तुटली. मंग तुमच्या वडलांकडं आणली.”

पुढचं मला आधीच कळलं होतं.

“त्यांनी बोट दाखवलं. म्हणले, बोटभर जाईल, चालंल का? मी म्हणलं, चालंल. बोटभरच गेली, खोटं न्हाई बोलत. मला काय माहीत, ताई, त्या बोटभरात दादा व्हता.”

कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. बोटभर टेप म्हणजे दीड-एक सेकंद. तेवढ्यात एक हाक बरोबर मावते.

“गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं म्हणून बोललो न्हाई मघाशी,” ते म्हणाले. “त्यांची चूक न्हाई. त्यांनी इचारलं व्हतं.”

बाबांच्या दुकानातल्या केराच्या डब्यात टेपचे तपकिरी तुकडे साठलेले असायचे. त्यांच्याशी मी बाहुल्यांचे केस करून खेळायची.

“मंग औंदा प्रतिभानं मोबाइलवर हे शोधून दिलं,” उत्तमराव म्हणाले. “लावलं, तर दादा तिथंच. इतक्या सालांनी.” त्यांनी आवाज वाढवला. “ऐका.”

गाणं आलं. दुसरं कडवं संपलं. पेटी एकटी पुढे निघाली, ढोलकीची जागा रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेत, गाण्याच्या बाहेरून, साध्या बोलण्याच्या आवाजात, थोरल्या भावाने हाक मारली.

“वाजीव, उत्तम.”

आणि ढोलकी पडली. समोर बाजेच्या लाकडावरही पडली, त्याच क्षणी.

गाणं संपलं. अनिकेत लाइनवर आहे हे मी विसरूनच गेले होते. तिकडचे वाट्या-चमच्यांचे आवाजही बंद झाले होते, बहुधा तो बाहेर येऊन उभा राहिला असावा. त्याने घसा साफ केला.

“काका,” तो म्हणाला, “एकदा परत लावता?”

उत्तमरावांनी अंगठ्याने गाणं मागे नेलं.

सोमवारी रिव्ह्यू झाला. मी लांबलचक रिपोर्ट तयार ठेवला होता: कार्ड, डब्बा, शेत, गठ्ठा. तो वाचायची वेळच आली नाही. अनिकेतने मीटिंगमध्ये रिपोर्ट उघडण्याऐवजी गाणं लावलं, तिसऱ्या मिनिटाजवळ, आणि फक्त एवढं सांगितलं की ग्राहकाचं नाव उत्तम आहे. फ्लॅग निघाला. अल्बम राहिला. उत्तमरावांना कंपनीचा मेसेज गेला, मराठीत, आणि त्यात संशय हा शब्द नव्हता. मेसेज मी स्वतः लिहिला.

प्रतिभाचा परवा फोन आला होता. उत्तमराव डब्बा घेऊन रोज शेतात जातात, कार्डाला हात लावत नाहीत, आणि विहारात पोरांना ढोलकी शिकवायला लागलेत. ब्लूटूथचं बटण आता गावभर ठाऊक झालंय. त्यामुळे केदारखेड्याहून नवी तक्रार सुरू झाली आहे: शेजारच्या शेतातला फोन आमच्या डब्ब्याला चिकटतो आणि आमच्या भीमगीतात त्यांचं भजन घुसतं. त्याचाही उपाय आहे, पण तो शेजाऱ्याशी बोलूनच करावा लागतो, सपोर्टच्या हाती नाही.

बाबांच्या कामात मी कधी खोट काढली नव्हती, आताही काढत नाही. ते कापण्याआधी विचारायचे, आम्ही तर तेही विचारत नव्हतो. फक्त तुटलेली टेप वाजवून बघता येत नाही, त्यामुळे बोटभरात काय जाणार हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आम्हाला आहे. म्हणून आता कुठलंही गाणं काढून टाकायची वेळ आली की मी लॉग बाजूला ठेवते, हेडफोन लावते आणि जिथे कुणी पुन्हा पुन्हा मागे गेलंय ती जागा आधी ऐकते.